तात्पुरता बाहेर

१

शिरूर कासारच्या अलीकडं रस्ता जिथं खडी उघडी टाकून पडलाय, तिथं बंकटराव मुकादमाचं घर. घराच्या पुढं पत्र्याची एक खोली काढलेली. त्या खोलीत बंकटरावांचा धाकटा पोरगा बद्री दिवसभर नॉर्वेतली मेलेली माणसं शोधत बसायचा.

हे गावाला कसं सांगायचं, हा घरच्यांचा प्रश्न होता. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलेलं पोरगं. बंकटराव पारावर सांगायचे, "अमेरिकेच्या कंपनीत हाय." आई साखराबाई सांगायची, "कंपूटरवर बसतंय." खरी गोष्ट साधी होती. दीड-दोनशे वर्षांमागं नॉर्वेतले लोक पोट भरायला जहाजात बसून अमेरिकेला गेले. त्यांच्या पणतवंडांना आता म्हातारपणी आपलं मूळ शोधायचा नाद लागलाय. ते कंपनीला विचारतात, कंपनी बद्रीला विचारते, आणि बद्री तिकडच्या चर्चची जुनी दप्तरं पडद्यावर मोठी करकरून बघतो. कोण कुणाच्या पोटी जन्मलं, कोणत्या जहाजात चढलं, कुठं पुरलं.

पाद्र्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं शेणात पाय बुडवून कागदावर नाचावं तसं. डोळे चुरचुरायचे. मान अवघडायची. पण मेलेल्या माणसांचं एक बरं असतं, ती सल्ला देत नाहीत. बद्रीला जिवंत थोरांचा सल्ला गळ्यापर्यंत आला होता.

"आज कोण सापडलं, भाऊजी?" दुपारी चहा ठेवता ठेवता वैष्णवी विचारायची. ती त्याची वहिनी, थोरल्या हनुमानची बायको.

"टोस्टेन ओल्सन."

"टोस? चहात बुडवायचा?"

"टोस्टेन, वहिनी. माणूस हाय."

"तेच की. मग सापडला का?"

"न्हाई."

"मग चहा प्या आदी. मेलेलं माणूस कुठं पळून जातंय?"

ती हसायची, आणि हसता हसता मधेच थांबायची. कारण हनुमान मेला होता की पळून गेला होता, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

२

दोन हंगामांमागं हनुमान आणि वैष्णवी ऊसतोडीला गेलते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाच्या तोंडी माणसं नसतातच, कोयते असतात. बंकटरावांनी स्वतःच्या पोराला आणि सुनेलाही तसंच मोजून नेलं होतं.

एका सकाळी हनुमान भरलेली बैलगाडी घेऊन फडातून कारखान्याकडं निघाला. मागच्या गाडीवर त्याचा दोस्त प्रविण होता. वाटेत कालव्याजवळ धुकं लागलं. प्रविणला पुढची गाडी दिसेना, नुसती घुंगरं ऐकू यायची. बैलांना वाट पाठ. ते चालत गेले आणि कारखान्याच्या फाटकापुढं रांगेत जाऊन उभे राहिले. गाडीवर ऊस होता. हनुमानचा टॉवेल जुवाला बांधलेला होता. हनुमान नव्हता.

कालव्यात गळ टाकले. पोलिसांनी लिहून घेतलं. आणि बंकटरावांनी दुसऱ्याच दिवशी त्या गाडीवर दुसरा माणूस बसवला. बापच होते ते त्याचे.

वैष्णवी परत आली ती अर्धा कोयता होऊन. तिचं माहेर तलवाड्याचं, बारावीपर्यंत शिकलेली. तिला बीडला नर्सिंगला जायचं होतं. बद्रीनं एकदा विषय काढला, तर बंकटराव, त्याचे आबा, म्हणाले, "जिवंत नवऱ्याची बायको बाहेर ठेवत न्हाईत."

"आन मेला असंल तर?"

"मग रांडमुंड बाई बाहेर ठेवत न्हाईत."

थोरांचं हे असं असतं. दोन्ही बाजूंनी दार लावायचं आणि वर म्हणायचं, आमी कुठं अडवलंय.

भादव्यात, पितरपाठ सुरू झाल्यावर, आबांनी जेवताना भाकरी कुस्करत जाहीर केलं, "ह्या सर्वपित्रीला हनुमंताचं पान वाढू. आन दिवाळी झाली की बद्र्याचं आन हिचं लावून टाकू. घरातली पोर घरात ऱ्हाती. एक कोयता उभा ऱ्हातो."

साखराबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. चुलीपुढं वैष्णवी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"आबा, माणसाचा पत्ता न्हाई, आन तुमी त्याला पितर करून मोकळे?" बद्री म्हणाला.

"दोन हंगाम वाट बघितली."

"माझ्याकडं दीडशे वर्षांमागची माणसं हायेत. त्येंची लोक अजून वाट बघायलेत."

"मंग ती लोक येडी हायेत," आबा म्हणाले, आणि त्यांनी कढी मागितली.

संध्याकाळी भांडी घासता घासता वैष्णवी खाली मान घालून बोलली. "भाऊजी, राग मानू नका, मला तुमच्याशी लगीन करायचं न्हाई."

"मला बी न्हाई करायचं."

"मग बरंय." तिनं तवा पालथा घातला. "मला बीडला न्या. दसऱ्याच्या आत गेलं तरच घेतेत. पर त्येंच्या नावानं पान वाढलं, तर मी मेलेल्याची बायको हुईन. मग गावच मला हलू द्यायचं न्हाई. तेवढं त्येंचं नाव घेऊ देऊ नका."

"न्हाई घेऊ देत," बद्री म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की त्याला स्वतःलाच त्याचं बरं वाटलं.

३

टोस्टेनचं प्रकरण कंपनीनं त्याच्याकडं पावसाळ्याच्या आधी दिलं होतं. अमेरिकेतली एक म्हातारी आपल्या पणजोबाच्या भावाला शोधत होती. दोघे भाऊ एकाच जहाजात चढले. पणजोबा उतरले. टोस्टेन उतरला नाही. जहाजावर वारलेल्यांत त्याचं नाव नव्हतं, समुद्रात पडल्याची नोंद नव्हती. त्याची रंगवलेली लाकडी पेटी तेवढी धक्क्यावर उतरली. कुलूप लावलेली होती.

बद्रीनं हे वाचलं, तेव्हा त्याला फाटकापुढं उभे राहिलेले बैल आठवले. मग त्यानं ते मनातून काढून टाकलं. अशी गाठ घालत बसलं तर हे काम होत नसतं.

पण एक गोष्ट त्याला खुपत होती. तिकडं नॉर्वेत माणसं मोजायच्या खानेसुमारीत दोन रकाने असायचे. घरात हजर कोण, आणि घरचं असून तात्पुरतं बाहेर कोण. टोस्टेनच्या मळ्यातल्या घरानं त्याला तात्पुरता बाहेर म्हणून लिहून घेतलं होतं. ठीक आहे, आईचं मन. पुढच्या खानेसुमारीतही तसंच. तेव्हा आई म्हातारी असेल. त्याच्या पुढच्या वेळी आई मेली होती, भाऊबंद मळा विकून गेले होते, घरात अनोळखी कुळं राहत होती. त्यांनीही लिहून दिलं होतं, टोस्टेन, तात्पुरता बाहेर.

मागचं बघून उतरवलं असेल, बद्रीनं स्वतःला सांगितलं. कारकून तिकडचा काय नि इकडचा काय. शिवाय तिकडं पद्धतच होती, माणूस ज्या मळ्यात राहील त्या मळ्याचं नाव लावायचा. मळा बदलला की आडनाव बदललं. घर माणसाला आपलं म्हणायचं. रक्ताचं काही नव्हतं त्यात.

तरीही ती परकी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. दारात कारकून उभा, घरातले एकमेकांकडं बघतात, आणि कुणीतरी म्हणतं, एक जण आहे अजून. सध्या बाहेर आहे.

का म्हणाले असतील?

४

बद्रीच्या गावाकडं पितर जेवू घालायचा रिवाज असा, की मेलेल्याच्या नावानं एक जिवंत माणूस पानावर बसवायचा. म्हाताऱ्यासाठी म्हातारा, बाईसाठी बाई, जवानासाठी जवान. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, मग घरातल्यानं हातावर पाणी घेऊन मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, जेवा. पहिला घास पत्र्यावर कावळ्याला. जेवण झालं की परत पाणी सोडायचं आणि निरोप द्यायचा, सुखानं जा. माणूस उठतो, तांब्याभर पाण्यानं चूळ भरतो, आणि परत स्वतः होऊन घरी जातो. कुणाला त्यात काही वाटत नाही.

हनुमानच्या जागी प्रविणला बसवायचं ठरलं. एकाच वयाचे, एकाच वर्गातले.

सर्वपित्रीची दुपार. वारं पडलं होतं. पत्रा तापून वास मारत होता. खीर, कढी, भजी, गवारीची भाजी, सगळं मांडलेलं. प्रविण पाटावर बसला आणि कानात म्हणाला, "बद्र्या, मला लई कसंतरी व्हायलंय बे. माझ्या डोळ्यादेखत गेला त्यो."

"डोळ्यादेखत कुठं? धुक्यात."

"गप बस."

"नाव तू घे," आबा बद्रीला म्हणाले. "बापानं लेकाचं घ्यायचं नसतं."

इथं बद्रीला नाही म्हणता आलं असतं. तांब्या फेकून उठता आलं असतं. पण भाऊबंद जमले होते, आई पदर तोंडात धरून उभी होती, आणि बद्री थकला होता. भांडून थकलेल्या माणसाला चलाखी सुचते. त्याला वाटलं, नाव घ्यायचंच आहे ना, घेऊ. जो नक्की मेलाय, ज्याला मरून जमाना झाला, त्याचं घेऊ. त्यानं कुणाचं कुंकू पुसत नाही. म्हाताऱ्यांनाही समाधान. त्याला मनातल्या मनात हसूही आलं.

त्यानं हातावर पाणी घेतलं आणि पुटपुटला, "टोस्टेन ओल्सन. जेवा."

कुणी ऐकलं नाही. वैष्णवी कढीचं भांडं घेऊन वाकली होती. तिनं मान वर केली.

पत्र्यावर घास ठेवला, तो ठेवणाऱ्याचा हात मागं यायच्या आत कावळा बसला. इतक्या लवकर कधी बसत नाही. आई रडायला लागली. "आलं माझं लेकरू," ती म्हणाली. आबांनी छातीवरचा भार उतरल्यासारखा श्वास सोडला.

प्रविण खाली मान घालून जेवला. भरभर जेवला. खीर संपली, पुन्हा घेतली. भात संपला, पुन्हा घेतला. मिरचीला हात लावला नाही, तो प्रविण, जो कच्च्या मिरच्या भाकरीबरोबर चावतो. मधेच म्हणाला, "दार लोटा की. वारं लागतंय."

सगळे हसले. घामानं सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते.

"दे निरोप," आबा म्हणाले.

बद्रीनं पाणी सोडलं. ओठ हलवले. म्हणाला काहीच नाही. ज्याला आपण खरं बोलावलंच नाही, त्याला निरोप कसला द्यायचा? प्रविण उठला, चूळ भरली, गेला.

५

बद्री कुठल्याही गोष्टीचं कारण शोधणारा माणूस होता, आणि कारणं सापडतही होती.

मधल्या खोलीची फरशी पुसून वाळली, की तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. जिभेला लावलं तर खारट. बोअरचं पाणी मचूळ, सगळ्या गावाचं तसंच. दुपारी त्या खोलीतून आवाज यायचा, ओझ्यानं ताणलेला दोर कुरकुरावा तसा, थांबून थांबून. पत्रा तापला की वाजतो. मग आभाळ आलं, दोन दिवस ऊन नव्हतं, पत्रा गार होता, आवाज तसाच. उंदीर असतील. आई भाकरी एक जास्त करायची आणि ती उरायची नाही. आई म्हातारी होतेय, मोजायला चुकते.

पण वैष्णवीचं कारण त्याला सापडेना. ती मधल्या खोलीत जाताना डोक्यावरून पदर घ्यायला लागली होती. खोलीत कुणी नसायचं. नवरा घरात असला की बाई जसा पदर घेते, हळू बोलते, बांगड्या मागं सारून भांडी उचलते, तशी ती वावरायची. चहा आणून ठेवायची, पण कोण सापडलं म्हणून विचारायची नाही.

एकदा तो प्रविणच्या शेतात गेला. प्रविण कापूस वेचत होता.

"पव्या, त्या दिशी पोटभर जेवलास ना?"

प्रविणनं हातातलं बोंड तसंच धरलं. "कावून विचारतोस?"

"असंच."

"खरं सांगू का? कुणाला बोलू नको. मी घास घेत हुतो, पर पोटात कायच जात नव्हतं. चव बी न्हाई. घरी आलो आन परत जेवलो, कालची शिळी भाकर." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आन उठलो तवा हलकं वाटलं बे. जसं कुणी अंगावरची वली घोंगडी काढून घेतली."

"दार लोटा कावून म्हणलास?"

"मी कवा म्हणलो?" प्रविण म्हणाला.

६

दसरा दोन दिवसांवर आला, तेव्हा आबा आणि आई बाजाराला शिरूरला गेले. बद्रीनं मोटारसायकल काढली, पुसली, दारात आणून उभी केली. वैष्णवीची पिशवी कधीची भरून ठेवलेली होती, हे त्याला ठाऊक होतं. दुपारचं ऊन अंगणात पसरलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

ती मधल्या खोलीच्या दारात उभी होती. दार तिच्या पाठीमागं अर्धं लोटलेलं.

"वहिनी, चला. आबा गेलेत."

"मला न्हाई येता येत."

"कावून?"

"घरात माणूस हाय."

त्याला वाटलं, कुणी पाव्हणा आलाय. मग वाटलं नाही.

"कोण माणूस?"

तिनं पदर सारखा केला.

"वहिनी, त्यो दादा न्हाई." हे तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं, की आपण इतके दिवस हे ठाऊक असल्यासारखे वागतोय.

"मला ठावं न्हाई का? त्येंचं पाऊल मला कळत न्हाई व्हय?" ती अगदी हळू बोलत होती. झोपलेल्या लेकराजवळ बोलावं तसं. "ह्ये लई लांबून आलंय, भाऊजी. लई उपाशी हाय. बोलाय येत न्हाई त्याला. ह्येच आपलं घर असं धरून बसलंय. मी उठले की उठतंय. मी चुलीपाशी गेले की दारात येऊन उभं ऱ्हातंय."

"मग तर चलाच तुमी. आत्ताच्या आत्ता."

"अन त्ये मागं आलं तर? तिथं वसतिगृहात पोरी असतेत, त्येंच्यात घेऊन जाऊ?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी ऐकलं हुतं त्या दिशी. तुमी नाव दुसरंच घेतलं. मी म्हणले हुते, त्येंचं नाव घेऊ नका. दुसऱ्या कुणाचं घ्या, असं कवा म्हणले हुते?"

बद्रीनं एक पाऊल दाराकडं टाकलं.

वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी दार तिच्या पाठीमागं वीतभर मागं सरकलं. आत खाट दिसली. खाटेवर हनुमानचा निळा सदरा घालून कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. सदरा खांद्यांना पुरत नव्हता, शिवणीवर उसवला होता. मान खाली. केस कडब्याच्या रंगाचे, आणि ओले. केसांतून पाणी पाठीवर उतरत होतं आणि सदरा मात्र तेवढाच ओला होता, जास्त होत नव्हता. दोराचा आवाज त्याच्या श्वासाचा होता.

वैष्णवी आत गेली. दार लागलं.

बद्री मोटारसायकलपाशी गेला. मग त्यानं ती परत आत घेतली.

७

संध्याकाळी त्यानं आबांना गाठलं. ते बाजेवर बसून तंबाखू मळत होते. आई तांदूळ निवडत होती.

"आबा, मधल्या खोलीत..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"पोरगं आलंय परत."

"पोरगं न्हाई ते. तुमी बघितलंय का तोंड?"

आबांनी तंबाखू ओठात सोडली, हात झटकले. त्यांना घाई नव्हती. "बद्र्या, मी जल्म दिलाय हनुमंताला. मला दिसत न्हाई का? पर ह्ये बघ. सून गप झाली. तुझी माय जेवाय लागली. गावात कुणी इचारलं तर सांगाय तोंड झालं. आन तुझं बी लगीन टळलं, तुला तेच पायजे हुतं ना?"

"माय, तू तरी बोल," बद्री म्हणाला.

साखराबाईनं सुपातला खडा बाजूला काढला. "त्याला दोन भाकरी लागतेत. दुसरं काय मागत न्हाई. असू दे."

बद्रीला ओरडायचं होतं. पण ओरडून आजपर्यंत त्या घरात काही झालेलं नव्हतं. त्याला कळलं ते इतकंच, की ह्या दोघांना पोरगा कधीच नको होता. त्यांना जागा भरलेली पाहिजे होती. जागेवर कोण बसलंय, हा विचार शिकलेल्या पोरांनी करावा.

तो मधल्या खोलीच्या दारापुढं जाऊन उभा राहिला. ओंजळीत पाणी घेतलं. उंबऱ्यावर सोडलं आणि मोठ्यानं म्हणाला, "टोस्टेन ओल्सन, सुखानं जा."

आतला दोर थांबला.

आत कुणीतरी ऐकत होतं. वाट बघत होतं, की पुढं काय सांगताय. कुठं जा?

कुठं जा, हे बद्रीला सांगता येईना. मळ्याच्या जागी आता तलाव होता, त्यानं नकाशात बघितलं होतं. अमेरिकेतली म्हातारी मागच्याच महिन्यात वारली होती आणि कंपनीनं ते काम बंद केलं होतं. टोस्टेनला शोधणारं जगात कुणी उरलं नव्हतं. त्यानं खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला, सगळी दप्तरं पुन्हा चाळली. एक अक्षर बदललेलं नव्हतं. जे होतं ते तसंच होतं, शहाण्या माणसाला धीर यावा असं.

भिंतीपलीकडं दोर पुन्हा कुरकुरायला लागला.

८

दिवाळी झाली. गाव रिकामं व्हायला लागलं. एका सकाळी मुकादमाच्या टोळीचा ट्रॅक्टर पारापुढं येऊन उभा राहिला. मागं दोन ट्रॉल्या. भांडी, सरपण, कोंबड्यांच्या पाट्या, लहान पोरं, सगळं चढायला लागलं. म्हातारी माणसं ओट्यावर बसून कुणाला काय विसरलं ते सांगत होती. आबा चाकापाशी उभे राहून टोळीची नावं पुकारत होते.

बद्री गर्दीच्या मागं उभा होता. त्यानं वैष्णवीला शोधलं. ती मागच्या ट्रॉलीपाशी होती, डोक्यावर पदर, हातात नवा कोयता. तिची पिशवी कुठं दिसत नव्हती. त्या ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यावर ताडपत्री ओढलेली होती, आणि बाकी जागेसाठी भांडणं चाललेली असताना त्या ताडपत्रीखाली मात्र कुणी बसत नव्हतं. बायांनी पोरं मांडीवर घेतली होती, पाय आखडून घेतले होते. कुणी विचारत नव्हतं, आत कोण आहे. ट्रॉलीच्या फळीतून पाणी गळत होतं, आणि खाली धुळीत ते वाळत होतं तिथं पांढरं व्हायचं.

"वहिनी," बद्री पुढं सरून म्हणाला. "चढू नका. आपण आत्ता जाऊ. माझ्यामागं येऊ दे त्याला. मी घेतलं नाव, मी बघतो."

"त्याला तुमचं काय करायचंय?" ती म्हणाली. "तुमी कोयता न्हाई." मग जराशानं, त्याची कीव आल्यासारखी, म्हणाली, "जावा भाऊजी. उन्हात उभं ऱ्हाऊ नका."

ताडपत्रीच्या फटीतून एक हात बाहेर आला. पाण्यात फार दिवस राहिल्यासारखा पांढरा, बोटांची टोकं सुरकुतलेली. तिनं त्या हाताकडं न बघता तो धरला, आणि वर चढली.

प्रविण पुढच्या ट्रॉलीत होता. त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

बद्रीनं बापाकडं बघितलं. आत्ताही बोलता येईल, त्याला वाटलं. भर गावात मोठ्यानं सांगता येईल, की ह्यो हनुमान न्हाई. सगळ्या गावानं त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं. आणि मग काय? सगळ्यांना ठाऊकच होतं.

"हनुमान बंकट," आबांनी पुकारलं. "एक कोयता."

ट्रॉलीतली कुजबुज थांबली. एक पोर रडत होतं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. ताडपत्रीखाली कुणीतरी श्वास ओढला, लांब, ओझ्याचा. आणि मग तो शब्द आला. शिकवून शिकवून पाठ करून घेतलेला, जड जिभेचा, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवलेला.

"हा... य."

आबांनी मान न उचलता पुढचं नाव घेतलं.